गिळायची की चावायची?

एकाच औषधाबद्दल, ॲस्पिरिनबद्दल, मला एकाच आठवड्यात दोन अगदी उलट सूचना मिळाल्या. छातीत दुखू लागलं म्हणून हॉस्पिटलात नेलं, तेव्हा नर्सने तळहातावर एक गोळी ठेवून बजावलं, "चावून खा, अख्खी गिळू नका." चव आंबट-कडू, दातांखाली कचकच, आणि जिभेवरची भुकटी लवकर जाता जाईना. पुढे अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला, आणि घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर पुन्हा ॲस्पिरिनच होती. फक्त आता ३२५ ऐवजी ७५ मिलीग्रॅम, आणि पुढे लाल पेनाने लिहिलेलं: अख्खी गिळणे, चावू नये, तोडू नये.

नुसतं 'सांगितलंय' म्हणून औषध घेणं मला जमत नाही. हा गुण की दोष, ते माझ्या घरच्यांना विचारा. व्हीलचेअर दारात येऊन उभी होती, तरी मी डॉक्टरांना थांबवलंच. "त्या दिवशी चावा म्हणालात, आता चावू नका म्हणताय. नक्की काय करायचं?"

"त्या दिवशी औषध पाच-दहा मिनिटांत रक्तात हवं होतं," ते म्हणाले. "आता रोज एकदा पोचलं की झालं. दुपारी पोचलं काय नि संध्याकाळी पोचलं काय." मग त्यांनी थोडक्यात समजावलं. या दुसऱ्या गोळीवर एक पातळ थर असतो. जठरातल्या आम्लात तो विरघळत नाही. गोळी पुढे लहान आतड्यात सरकली, तिथे आम्लता कमी झाली, की थर जातो आणि औषध बाहेर पडतं. चावली तर थर तोंडातच गेला, मग ती साध्या गोळीसारखीच.

दोन्ही गोळ्यांत औषध एकच. थर ठरवतो तो एवढंच, की गोळी कुठे आणि कधी उघडायची. पुढच्या काळात मला जे जे प्रश्न पडले, त्यातल्या बहुतेकांची उत्तरं या एका गोष्टीतून निघाली. आणि जी उत्तरं तिथून निघाली नाहीत, तिथे थराचा काही उपयोगच नव्हता. ते जास्त महत्त्वाचं, म्हणून त्याबद्दल पुढे सविस्तर सांगते.

माझा भाचा फार्मसी शिकतो. मी त्याला फोनवर हे सगळं ऐकवलं तर म्हणाला, "मावशी, थांब, आलो की दाखवतोच." आला तो दोन काचेचे ग्लास, थोडं व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा मागत. एका ग्लासात व्हिनेगर, दुसऱ्यात पाण्यात कालवलेला सोडा, आणि दोन्हींत माझी एकेक गोळी. व्हिनेगरमधली गोळी तळाशी जशीच्या तशी पडून राहिली, गुळगुळीत, कडा शाबूत. सोड्याच्या पाण्यातली गोळी आधी फुगल्यासारखी वाटली, मग तिच्या सालीला सुरकुत्या पडल्या, एका कडेला साल सुटली आणि तिथून बारीक बुडबुडे यायला लागले. आतली ॲस्पिरिन हे मुळात आम्ल, त्यामुळे सोड्याशी गाठ पडल्यावर बुडबुडे येणारच. आम्ही मधेमधे जाऊन बघत होतो. शेवटी सोड्याच्या ग्लासात पांढरा गाळ उरला. व्हिनेगरमधली गोळी चमच्याने बाहेर काढली, तर बोटाला अजून गुळगुळीतच लागत होती.

कारखान्यातली चाचणीही तत्त्वतः हीच असते, असं तो म्हणाला. आधी दोन तास जठरातल्यासारख्या आम्लात ठेवायचं, तोवर औषध जवळजवळ अजिबात बाहेर यायला नको. मग आतड्यातल्यासारख्या द्रावणात घालायचं, तिथे ते आलं पाहिजे. थरासाठी जी रसायनं वापरतात ती साधारण साडेपाच-सहाच्या वर पीएच (आम्लता मोजायचं माप, आकडा जितका लहान तितकं आम्ल तीव्र) गेला की विरघळायला लागतात. उपाशीपोटी जठराचा पीएच दोनच्या आसपास असतो, म्हणून तिथे थर टिकतो.

हा खेळ मी सविस्तर सांगितला, कारण त्यानंतर काही दिवसांतच त्याचा उपयोग झाला. मला स्टेंटमुळे ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेलही, म्हणजे रक्तात गुठळी होऊ न देणारी आणखी एक गोळी, चालू होती. एका रात्री छातीच्या खाली जळजळ सुरू झाली, आधी घाबरले, मग लक्षात आलं की हे नेहमीचं पित्त. घरात अँटासिडची बाटली होतीच. झाकण उघडलं आणि तो सोड्याचा ग्लास डोळ्यांपुढे आला. अँटासिड म्हणजे जठरातलं आम्ल मारणारं औषध, म्हणजे जठरात तात्पुरतं सोड्याचं पाणीच. ॲस्पिरिन नुकतीच गिळलेली. थर जठरातच उघडला तर त्याचा उपयोग काय? केमिस्टला फोन केला. दुकानातला फार्मासिस्ट म्हणाला, "बरोबर विचारलंत. दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर ठेवा. आणि वरचेवर लागायला लागलं तर बाटली संपवत बसू नका, डॉक्टरांना सांगा." मी त्या रात्री दोन उशा घेऊन बसून राहिले, दोन तासांनी अँटासिड घेतलं, आणि पुढच्या भेटीत जळजळ हा विषय सगळ्यात आधी काढला.

त्या भेटीआधी माझ्या नणंदेने मला वेड्यात काढलं होतं. "वहिनी, तुमची कोटिंगवाली गोळी आहे ना? मग पोटाला काय धोका? उगीच कशाला काळजी करताय?" खरं सांगायचं तर हा समज मी किती जणांकडून ऐकला त्याची गणती नाही. गोळीवर आवरण आहे म्हणजे पोट सुरक्षित, असं लोक धरूनच चालतात.

डॉक्टरांनी त्यावर मान हलवली आणि कागदावर एक चित्र काढलं. जठराच्या आतल्या अस्तराला स्वतःच्याच आम्लापासून वाचवायला एक चिकट थर लागतो. तो थर तयार व्हायला प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं लागतात. ॲस्पिरिन नेमकी तीच रसायनं बनवणारी यंत्रणा बंद करते. जॉन वेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने हे १९७१ मध्ये दाखवलं, आणि त्या कामासाठी १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. आता मुद्दा असा, की ॲस्पिरिन आतड्यातून रक्तात गेली की रक्तातून फिरत पुन्हा जठराच्या अस्तरापर्यंत पोचतेच. ती आत कुठल्या दाराने शिरली याने फारसा फरक पडत नाही. थरामुळे गोळी जठराच्या भिंतीला थेट चिकटून तिथे जी जखम करते, ती टळते. काहींची मळमळ, जळजळही कमी होते. पण जे खरं भय आहे, ते म्हणजे अल्सरमधून होणारा रक्तस्राव, तो याने टळतो असा पुरावा नाही.

घरी येऊन मी वाचत बसले. १९९६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात कमी मात्रेची ॲस्पिरिन घेणाऱ्यांत पचनमार्गाच्या वरच्या भागातल्या मोठ्या रक्तस्रावाचा धोका न घेणाऱ्यांच्या तुलनेत पाहिला होता. साधी गोळी घेणाऱ्यांत तो २.६ पट, कोटिंगवाली घेणाऱ्यांत २.७ पट. म्हणजे फरक नाहीच. अलीकडे, २०२३ मध्ये, हृदयविकार असलेल्या दहा हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवरूनही हेच दिसलं: कोटिंग असो वा नसो, मोठ्या रक्तस्रावात ठळक फरक नाही, आणि हृदयाला होणाऱ्या फायद्यातही नाही. नणंदेला हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग कोटिंग लावतातच कशाला?" प्रश्न अगदी रास्त आहे. मला वाटतं, पोटात टोचल्यासारखं वाटलं की लोक गोळी सोडून देतात, आणि ते टळत असेल तर तेवढ्यापुरता थर कामाचा. त्याहून जास्त श्रेय मी त्याला देणार नाही.

पोट सांभाळायचं तर ते वेगळ्या औषधाने. जिथे धोका जास्त, म्हणजे आधी अल्सर झालेला, वय जास्त, दोन-दोन प्लेटलेटविरोधी औषधं (प्लेटलेट म्हणजे रक्ताची गुठळी बांधणाऱ्या बारीक पेशी) चालू, सोबत वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध किंवा स्टेरॉइड, तिथे आम्ल कमी करणारी गोळी रोज देतात. मला पँटोप्राझोल मिळाली, सकाळी काही खायच्या अर्धा तास आधी. ओमेप्राझोल घरात होतीच, तीच घेऊ का असं विचारलं, तर डॉक्टर नाही म्हणाले. ओमेप्राझोल यकृतातल्या ज्या एन्झाइमला अडवते, त्याच एन्झाइमने क्लोपिडोग्रेल कामाला लागते. तिच्यामुळे क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होऊ शकतो, पँटोप्राझोलचा तो त्रास नगण्य. एकाच घराण्यातल्या दोन गोळ्या, पण आपण त्या परस्पर बदलायच्या नाहीत.

त्याच भेटीत त्यांनी लक्ष कशावर ठेवायचं तेही सांगितलं. शौच काळं, चिकट आणि घाण वासाचं झालं, उलटीत रक्त किंवा काळसर भुगा दिसला, विनाकारण थकवा येऊन धाप लागायला लागली, तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर शौच तसंही काळपट होतं, म्हणून ते आधीच डॉक्टरांना सांगून ठेवायचं. माझ्या हातांवर जांभळे डाग मात्र भरपूर उठायला लागले होते. कपाटाच्या कडेला कोपर लागलं तरी डाग. ते दोन गोळ्यांमुळे अपेक्षितच होतं.

आता वेळेचं. यावर घरात सगळ्यात जास्त वाद झाला. एका माहितीपत्रकात 'जेवणानंतर' होतं, दुसऱ्या कंपनीच्या पत्रकात 'जेवणाआधी अर्धा तास, भरपूर पाण्याबरोबर'. यजमान म्हणाले, "दोन्ही कसं बरोबर असेल?" भाच्याने याचंही उत्तर दिलं. भरलेलं पोट अन्न बारीक करून थोडंथोडं पुढे सोडतं. पण न फुटलेली अख्खी गोळी त्या चाळणीतून जात नाही, ती मागे राहते. पोट रिकामं झालं की साधारण दीड-दोन तासांनी एकेक जोराची लाट येते आणि उरलंसुरलं पुढे ढकलते, तेव्हा ही गोळी जाते. म्हणून जेवणावर घेतलेली कोटिंगवाली गोळी जठरात तासन्‌तास बसू शकते, आणि रिकाम्या पोटी घेतलेली तुलनेने लवकर निघते. साध्या गोळीला मात्र जेवणानंतर घेण्याचा सल्ला देतात, कारण ती जठरातच फुटते.

तर मग उशिराने बिघडतं काय? रोजच्या गोळीत काहीच नाही, आणि त्याचं कारण मला फार आवडलं. ॲस्पिरिन रक्तात जेमतेम पंधरा-वीस मिनिटांत निम्मी होते, सॅलिसिलेट या दुसऱ्या रसायनात बदलते. पण त्या तेवढ्या वेळात तिने ज्या प्लेटलेटला गाठलं, ती प्लेटलेट आयुष्यभरासाठी निकामी. ॲस्पिरिन तिच्यातलं एक एन्झाइम कायमचं बंद पाडते, आणि प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे नवं एन्झाइम बनवता येत नाही. तिचं आयुष्य सात ते दहा दिवसांचं, आणि शरीर रोज साधारण दहावा हिस्सा नव्या प्लेटलेट सोडतं. रोजच्या गोळीचं काम म्हणजे या नव्यांना गाठणं. त्यामुळे औषध दुपारी दोनला उघडलं की पाचला, हिशोब तोच राहतो.

सकाळ की रात्र, हाही प्रश्न होता. रात्री घेतली तर सकाळच्या वेळी प्लेटलेट कमी चिकट असतात, असं काही अभ्यासांत दिसलंय. हार्ट अटॅक पहाटे-सकाळी जास्त येतात म्हणून लोक त्याला महत्त्व देतात. पण त्यामुळे अटॅक कमी होतात असं सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, की जी वेळ तुमच्या हातून चुकणार नाही ती धरा. मी झोपायच्या आधीची धरली. पेलाभर पाणी, आणि गिळल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, थोडा वेळ बसायचं.

एका रात्री पाहुणे उशिरा गेले आणि सकाळी बघते तर गोळी जागेवरच. वर सांगितलेला प्लेटलेटचा हिशोब माहीत असल्यामुळे घाबरायचं कारण नव्हतं. आठवल्यावर ती घेतली, आणि रात्रीची नेहमीच्या वेळी. दुसऱ्या गोळीची वेळ अगदी जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यायची, दोन एकदम घ्यायच्या नाहीत.

गुडघेदुखीची कथा जरा वेगळी. माझे गुडघे जुने शत्रू. पूर्वी दुखले की आयब्युप्रोफेनची गोळी घ्यायचे आणि कामाला लागायचे. आता घेण्याआधी फार्मासिस्टला विचारलं, आणि पलीकडून थेट "थांबा" ऐकू आलं. ॲस्पिरिनला प्लेटलेटच्या ज्या खाचेत जाऊन बसायचं असतं, तिथे आयब्युप्रोफेन आधी जाऊन बसते, बसमध्ये कुणी खिडकीच्या जागेवर रुमाल टाकून ठेवावा तशी. ती स्वतः काही तासांनी उठून जाते, पण तोवर ॲस्पिरिन रक्तातून निघून गेलेली असते. प्लेटलेट मोकळ्याच राहतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ मध्ये यावर सूचना काढली होती: साधी, लगेच विरघळणारी ॲस्पिरिन घेत असाल तर आयब्युप्रोफेन तिच्यानंतर निदान अर्ध्या तासाने, किंवा तिच्या आठ तासांहून आधी. आणि कोटिंगवाल्या ॲस्पिरिनसाठी? तिथे त्यांनी कुठलंच अंतर सुचवलं नाही, कारण त्यासाठी पुरेशी माहितीच नव्हती; ती नेमकी कधी उघडेल हेही ठरवता येत नाही. थराचा हा तोटा मला आधी कुणीच सांगितला नव्हता. एखाद-दुसऱ्या वेळच्या गोळीने फारसा फरक पडत नाही, प्रश्न नियमित घेणाऱ्यांचा. शिवाय या जातीची दुखणंनिवारक औषधं हृदयाचा आणि पोटातल्या रक्तस्रावाचा धोका स्वतःही वाढवतात, त्यामुळे स्टेंटवाल्या बाईने ती सवयीने घ्यायचीच नसतात. मला पॅरासिटामॉल मिळाली, आणि गुडघ्याला लावायला जेल. आयब्युप्रोफेनइतका आराम पडत नाही हे खरं. पायऱ्या चढताना तिची आठवण येते.

तेव्हापासून सर्दी-डोकेदुखीच्या तयार गोळ्यांची पाकिटंही मी मागून वाचते. पुढे मोठ्या अक्षरात ब्रँडचं नाव आणि मागे बारीक अक्षरात आयब्युप्रोफेन किंवा चक्क ॲस्पिरिनच, असं पुष्कळदा असतं.

दाढ काढायची वेळ आली तेव्हा मी दातांच्या डॉक्टरांना सगळी औषधं लिहून दिली. लोक दाढ काढायच्या आधी आपल्या मनाने ॲस्पिरिन आठवडाभर बंद करतात, कारण 'रक्त थांबत नाही'. दातांच्या डॉक्टरांनी माझ्या हृदयाच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून घेतलं आणि दोघांचंही एकच मत पडलं: बंद करायची नाही. स्टेंट नवा असताना गोळी थांबवली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, आणि ती दाढेच्या रक्तापेक्षा कितीतरी भयंकर. दाढ काढली, खळग्यात गॉझ दाबून अर्धा तास बसवलं, एक टाका घातला. रक्त नेहमीपेक्षा जास्त वेळ झिरपत राहिलं, पण थांबलं. मोठ्या ऑपरेशनची गोष्ट वेगळी, तिथे किती दिवस आधी थांबवायची की थांबवायचीच नाही, हे ऑपरेशन करणारे आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतात. आपण परस्पर ठरवायचं नाही.

फॉलोअपच्या रांगेत एक काका भेटले. गिळायला त्रास होतो म्हणून त्यांची सून रोज गोळी कुटून पाण्यातून देत होती, कोटिंगवालीच. मी त्यांना थराचं सांगितलं. त्यांना कुटलेल्या गोळीने फार मोठा अपाय झाला असता असं नाही, साध्या गोळीसारखी ती लागू पडली असती. पण मग कोटिंगवाली घ्यायचीच कशाला? डॉक्टरांनी त्यांना पाण्यात विरघळणारी साधी गोळी लिहून दिली. दोन मिनिटांचं काम.

नणंदेने शेवटी तो प्रश्न विचारलाच, ज्याची मी वाट बघत होते. "वहिनी, मीही रोज एक सुरू करू का? साठी उलटली, हार्टला बरं असतं म्हणतात." तिला ना हृदयविकार, ना पक्षाघात, ना मधुमेह. तिला मी स्पष्ट नाही म्हटलं आणि तिच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. आम्हा दोघींत फरक असा, की माझ्या धमनीत आधीच गुठळी होऊन गेलीय, तिथे ॲस्पिरिनचा फायदा रक्तस्रावाच्या धोक्यावर मात करतो. निरोगी माणसात ते गणित उलटं पडतं. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या ॲस्प्री या अभ्यासात ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९ हजारांवर निरोगी वृद्धांना रोज १०० मिलीग्रॅमची कोटिंगवाली ॲस्पिरिन किंवा नुसती खोटी गोळी दिली. हृदयाच्या बाबतीत लक्षणीय फायदा दिसला नाही, मोठे रक्तस्राव मात्र वाढले. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०२२ मध्ये सांगितलं, की साठीनंतर केवळ पहिला अटॅक टाळण्यासाठी ॲस्पिरिन सुरू करू नये. नणंदेचं रक्तदाबाचं औषध अधूनमधून चुकायचं. तिच्या डॉक्टरांनी ॲस्पिरिन दिली नाहीच, वर त्या चुकलेल्या गोळ्यांवरून तिला चांगलं सुनावलं. ती माझ्यावर दोन दिवस रुसली होती.

घरातल्या लहानांना मात्र माझ्या डब्याला हात लावू द्यायचा नाही, हा नियम मी पहिल्या दिवसापासून केला. सोळा वर्षांखालच्या मुलांना तापात, विशेषतः फ्लू किंवा कांजिण्यांत, ॲस्पिरिन दिली तर रे सिंड्रोम नावाचा यकृत आणि मेंदूवर हल्ला करणारा विकार होऊ शकतो. क्वचित होतो, पण झाला तर जीवघेणा. डेंग्यूची शंका असलेल्या तापात मोठ्यांनीही ती तापासाठी म्हणून घ्यायची नाही, कारण तिथे प्लेटलेट आधीच घसरलेल्या असतात. ज्यांना ॲस्पिरिनने दमा उसळतो, त्यांचा तर प्रश्नच नाही.

औषधांच्या डब्यात आता दोन प्रकार आहेत आणि ते मुद्दाम वेगळे ठेवलेत. रोजच्या कोटिंगवाल्या स्ट्रिपा एका कप्प्यात. दुसऱ्यात साध्या ॲस्पिरिनचं एक छोटं पाकीट, त्यावर मार्करने 'छातीत दुखलं तर' असं लिहिलेलं, डॉक्टरांना विचारूनच ठेवलेलं. यजमानांना मी तीनदा पाठ करून घ्यायला लावलं: आधी ॲम्ब्युलन्सला फोन, मग साधी ३०० मिलीग्रॅमची गोळी नीट चावून. चावल्याने किती फरक पडतो हे मोजून पाहिलंय. ३२५ मिलीग्रॅमच्या साध्या गोळीचा प्लेटलेटवरचा निम्मा परिणाम चावून घेतली तर पाचएक मिनिटांत दिसतो, अख्खी गिळली तर बारा मिनिटं लागतात. कोटिंगवाली अख्खी गिळली तर तास मोजावे लागतील.

"आणि घरात फक्त तुझ्या रोजच्याच असल्या तर?" त्यांनी विचारलं. तर त्याच चार, चांगल्या चावून. थर दातांनी फोडला की काम भागतं. १९८८ मध्ये छापून आलेल्या आयसिस-टू या गाजलेल्या अभ्यासात, ज्यात सतरा हजारांवर हार्ट अटॅकचे रुग्ण होते, नेमक्या कोटिंगवाल्याच गोळ्या वापरल्या होत्या, आणि पहिली गोळी चावून किंवा चोखून घ्यायला सांगितली होती. पाच आठवड्यांतले हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने होणारे मृत्यू एकट्या ॲस्पिरिनने २३ टक्क्यांनी कमी झाले.

एक अपवाद मी पाकिटाच्या मागच्या बाजूला लिहिलाय. तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात पडला, बोलणं अडखळलं, तर ते पाकीट उघडायचं नाही. पक्षाघात गुठळीने झालाय की मेंदूत रक्तस्राव होऊन, हे सीटी स्कॅनशिवाय कुणालाच सांगता येत नाही, आणि रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिन आगीत तेल. तिथे फक्त ॲम्ब्युलन्स.

स्ट्रिपा बाथरूमच्या कपाटातून हलवल्या, कारण दमट हवेत ॲस्पिरिन फुटून तिच्यातून ॲसिटिक आम्ल सुटतं. पाकीट उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला, किंवा गोळीच्या थराला तडा दिसला, की टाकून द्यायची. गोळ्या मी आठवड्याच्या डब्यात आधीच काढून ठेवत नाही, स्ट्रिपमधूनच फोडते.

पुढच्या तपासणीला हिमोग्लोबिन पुन्हा बघणार आहेत, आणि क्लोपिडोग्रेल थांबवायची का ते तेव्हा ठरेल. ती थांबली तर पँटोप्राझोल चालू ठेवायची की नाही, हा प्रश्न मी यादीत सगळ्यात वर लिहून ठेवलाय. त्याखाली गुडघ्यांचा. ॲस्पिरिन बहुधा चालूच राहील, असं डॉक्टर आत्ताच म्हणालेत.